तुम्ही विचारलंत म्हणून : भीती गेली का?

लग्नाच्या पंगतीत, चाकणला कारखान्याच्या फाटकाबाहेर गाड्यांच्या रांगेत, क्वचित रस्त्यात जुना मित्र भेटला तर त्याने दुचाकी बंदही न करता, हा एकच प्रश्न मला विचारलेला आहे: एकदा भिऊन सोडलेली गाडी तुम्ही पुन्हा हातात कशी घेतलीत, भीती गेली का? आजवर मी वेळ मारून नेली. पैशांची ओढाताण होती असे सांगितले, दुकानात बसून कंटाळलो असे सांगितले, एकदा तर नशिबावर टाकून मोकळा झालो. यांतले काहीही पूर्ण खोटे नव्हते, पण ज्यांनी मनापासून विचारले त्यांचीही मी बोळवणच केली, हे मला ठाऊक आहे. बी.ए. होऊन ट्रकवर कशाला गेलात, हा दुसरा प्रश्न इथे घेत नाही. तो विचारणाऱ्यांनी उत्तर आधीच ठरवलेले असते.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. माझ्या हातून अपघात झालेला नाही. हे सांगितले की समोरच्याचा चेहरा उतरतो, कारण त्याला रक्त, काच आणि पोलीस ठाणे असलेली हकीकत ऐकायची असते. काहींना वाटते मी लपवतो आहे. गाडीला ओरखडा नाही, कागदावर नोंद नाही, कोणी जखमी नाही. तरीही एक माणूस गाडी सोडून घरी बसतो, हे लोकांना पटत नाही. खरे सांगायचे तर बरेच दिवस ते मलाही पटत नव्हते.

फेब्रुवारी २०२२ मधली गोष्ट. अवजड वाहनाचा परवाना हातात येऊन पाच महिने झाले होते आणि वस्तादांशिवाय ही माझी तिसरीच फेरी होती. कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतून १८ टन कास्टिंग, म्हणजे धातूचे ओतीव भाग, भरून दहा चाकी गाडी चाकणला न्यायची होती. कास्टिंगचा माल फसवा असतो. हौद्यात तो जेमतेम गुडघाभर दिसतो, बघणाऱ्याला गाडी रिकामीच वाटते, पण उताराला लागली की तिचे वजन पाठीमागून ढकलू लागते. रात्री साडेदहाला निघालो. खंबाटकीचा बोगदा, शिरवळ, खेड शिवापूरचा नाका असे करत पहाटे साडेचारच्या सुमारास कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलो. क्लीनर शेजारी झोपला होता.

बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार पुण्यातल्या कोणाला समजावून सांगायला नको. मोटारीत बसलेल्याला तो उतार वाटतही नाही, इतका तो लांबट आणि सोज्वळ दिसतो. घाटासारखी वळणे असती तर माणूस निदान सावध राहिला असता. ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते वस्ताद इथे गाडी न्यूट्रल करीत, म्हणजे गिअर काढून ती उतारावर मोकळी सोडत. मालक दर फेरीच्या डिझेलचा हिशेब लावत असे आणि वाचलेल्या डिझेलचे पैसे चालकाला मिळत, तेव्हा असा उतार म्हणजे वस्तादांच्या लेखी फुकटची कमाई होती. उताराच्या तोंडाशी गाडी न्यूट्रल करू नका, असे सांगणारा फलक मी वाचला, आणि न्यूट्रल केली. इथे मी वस्तादांवर ढकलणार नाही. त्या रात्री ते गाडीत नव्हते.

दरी पूल ओलांडेपर्यंत सगळे छान होते. इंजिनाचा आवाज मंदावला, खाली शहराचे दिवे दिसत होते. काटा ७० वर गेला तेव्हा मी ब्रेकवर पाय ठेवला, वेग थोडा उतरला, पाय काढला, वेग पुन्हा चढला. असे चार-पाच वेळा झाले. मी काय करत होतो हे मला आता नीट समजते. आमच्या गाड्यांचे ब्रेक हवेवर चालतात आणि ती हवा इंजिनावर फिरणारा काँप्रेसर भरतो. न्यूट्रलमध्ये इंजिन मंद फिरत असल्यामुळे हवा हळू भरते, आणि मी मात्र दर दाबागणिक ती उधळत होतो. शिवाय प्रत्येक वेळी लायनर, म्हणजे चाकाच्या ड्रमला आतून घासून गाडी रोखणाऱ्या पट्ट्या, तापत होते, आणि तापलेले लायनर ड्रमला हवे तसे धरत नाहीत. हवेच्या दाबाचा काटा आठवरून पाचाच्या खाली आला आणि बझर वाजू लागला. गिअर टाकायला गेलो तर त्या वेगाला तो पडेना, नुसता करकरला. त्या करकरण्याने क्लीनर जागा झाला. तो काही बोलला नाही. त्याने फक्त समोरच्या दांडीला दोन्ही हातांनी धरले, आणि तेवढ्यावरून मला समजले की माझा चेहरा कसा दिसत असेल.

तेवढ्यात डाव्या लेनमध्ये, माझ्या समोर, एक दूधवाला दिसला. मोटारसायकलच्या दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन, ट्यूबच्या रबराने बांधलेले. मागे दिवा नव्हता, माझ्याच हेडलाइटमध्ये कॅन चमकले. उजवीकडे एक कंटेनर चालला होता. मी हॉर्नकडे हात नेला आणि परत घेतला. आमच्या गाडीचा हॉर्नही हवेवरच वाजतो. कंटेनर आणि दूधवाला यांच्यामधून मी गाडी काढली. डावीकडच्या आरशात त्याची कानटोपी हातभर अंतरावरून मागे गेली. त्याने वळून पाहिले नाही. बहुधा त्याला आजही ठाऊक नसेल.

नऱ्ह्याच्या आसपास ब्रेक एकदा जरा लागला, वेग पडला, त्या क्षणाला चौथा गिअर बसला आणि इंजिन किंचाळले. नवले पूल ओलांडून सपाटीला गाडी कडेला घेतली तेव्हा मागच्या चाकांतून धूर निघत होता आणि जळलेल्या लायनरचा वास केबिनमध्ये भरला होता. क्लीनर पाण्याचा कॅन घेऊन धावला, त्याला मी ओरडून थांबवले, कारण तापलेल्या ड्रमवर गार पाणी पडले तर ड्रम तडकतो. ते मला आठवले, इतके डोके तेव्हाही चालत होते, आणि म्हणूनच हॉर्नचा हिशेब मला आजतागायत लागत नाही. हवा वाचवण्यासाठी मी हॉर्न वाजवला नाही, असे मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगितले. त्यात तथ्य आहे, पण हॉर्नला हवा लागून लागून लागते किती? ब्रेकच्या एका दाबाच्या मानाने नगण्य. मग हात मागे का आला? दूधवाला दचकून वाकडातिकडा वळेल असे वाटले म्हणून, की मी नुसता गोठलो होतो म्हणून? पहिले कारण शहाण्या चालकाचे आहे, दुसरे माझे असावे. पण तेही मी शपथेवर सांगू शकणार नाही.

दिवसभर रांगत चाकणला माल उतरवला. मालकाने उशिराचे कारण विचारले, मी पंक्चर सांगितले. त्यानंतर तीन आठवडे गाडी चालवली, म्हणजे फक्त धरून बसलो. सपाट रस्त्यावरही हवेच्या काट्याकडे बघत राहायचो. रिव्हर्स घेताना क्लीनरने चार वेळा "येऊ द्या" म्हटल्याशिवाय गाडी हलत नसे. शेवटी पाठ धरली असे सांगून सोडून दिली. लाइनवरच्या कोणाचाही त्यावर विश्वास बसला नाही. फक्त आईचा बसला, आणि ती दोन महिने रोज रात्री माझ्या ठणठणीत पाठीला तेल चोळत होती. त्या सगळ्या काळात मी याहून लाजिरवाणे काही केलेले नाही.

अप्पा बळवंत चौकातल्या एका दुकानात वह्यांचे गठ्ठे मोजण्याचे काम मिळाले. त्याबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही. माणसे भली होती, पगार कमी होता. त्याच वर्षी २० नोव्हेंबरला रात्री त्याच उतारावर एका अवजड वाहनाने डझनावारी वाहनांना धडक दिली. चालकाने उतारावर इंजिन बंद केले होते, असे प्राथमिक चौकशीत पुढे आल्याचे वर्तमानपत्रांत छापून आले. दुकानात गिऱ्हाइके बोलत होती की हे ट्रकवाले सगळे पिऊनच चालवतात. मी वहीचा गठ्ठा खाली ठेवला आणि बोलायला लागलो: न्यूट्रल म्हणजे काय, हवा कशी उतरते, उताराला गाडी गिअरमध्ये असेल आणि पाय सुटा असेल तर आजच्या इंजिनात डिझेल जवळजवळ जातच नाही, उलट न्यूट्रलमध्येच इंजिन चालू ठेवायला ते जळते, म्हणजे ज्या बचतीसाठी हे सारे चालते ती बचतच खोटी आहे. दुकान गप्प झाले. मालक म्हणाले, "अहो, तुम्हाला एवढं कळतं तर इथं काय करताय?" लोक समजतात त्या प्रसंगाने मला धीर आला. तसे झाले नाही. मला राग आला होता, आणि तो त्या गिऱ्हाइकांचा होता की स्वतःचा, याचा निवाडा मी केलेला नाही. दारू न पिता, पूर्ण शुद्धीत, फलक वाचून मी तेच केले होते.

परवाना वैध होता, कागदोपत्री मी चालकच होतो, त्यामुळे परत जायला कोणाची परवानगी लागणार नव्हती. २०२३ च्या मे महिन्यात निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत ओळखीच्या एका वयस्कर चालकांना सगळे खरे सांगितले, हॉर्न सोडून. त्यांनी ना धीर दिला ना उपदेश केला. रविवारी पहाटे रिकामी गाडी घेऊन दिवे घाटात नेले आणि म्हणाले, "ज्या गिअरमध्ये चढशील त्याच गिअरमध्ये उतरायचं. ब्रेक गाडी थांबवायला असतो बाळा, धरून ठेवायला नाही." त्या दिवशी पाच वेळा चढलो, पाच वेळा उतरलो. पुढच्या रविवारी अर्धा माल भरून तेच. तिसऱ्या उतरणीला माझ्या मांडीचे थरथरणे थांबले असे त्यांना वाटले; ते थांबले नव्हते, मी गुडघा दाराला टेकवून धरला होता.

तेव्हा भीती गेली का, याचे उत्तर नाही असे आहे. भीती जाईल मग गाडी घेईन, असे मी चौदा महिने म्हणत होतो, आणि त्या काळात ती तिळभरही कमी झाली नाही. आता बोगद्यातून बाहेर पडताना तिसरा गिअर असतो, इंजिनाचा धूर अडवून गाडीला आवर घालणारा एक्झॉस्ट ब्रेक चालू असतो, मागच्या मोटारी हॉर्न वाजवून जीव नकोसा करतात आणि मी डावी लेन सोडत नाही. पूर्वीचा मी याला भित्रेपणा म्हणाला असता. त्याला मी काय उत्तर देऊ? ७० च्या वेगाने जाणारा तोही भित्राच होता, वस्ताद हसतील म्हणून न्यूट्रल करणारा. पण मग आज मी गिअर सोडत नाही तो समजून की घाबरून, असे त्याने उलट विचारले तर मला पटकन बोलता येणार नाही.

तो क्लीनर आता स्वतः चालक झाला आहे. ती पहाट तो ढाब्यावर रंगवून सांगतो: आमच्या भाऊंनी डोकं शांत ठेवलं, हॉर्नसुद्धा वाजवला नाही, हवा वाचवली. मागच्या महिन्यात शिरवळजवळ भेटला तेव्हा चार नव्या पोरांसमोर त्याने विचारले, "सांगा ना भाऊ, मुद्दामच नव्हता ना वाजवला?" पोरे चहाचे पेले हातात धरून माझ्याकडे बघत होती, आणि मी हो म्हणालो.