पोहता येत नाही आणि स्कूबा करायचंय?

मालवण, तारकर्ली, देवबाग या पट्ट्यात सुट्टीच्या दिवसांत एक वाक्य कानावर पडतंच: 'पोहता येत नसलं तरी चालतं, काही होत नाही.' यातला पहिला अर्धा भाग खरा आहे. दुसरा अर्धा तुम्हाला पाण्यात कोण नेतंय आणि वर असताना तुमची काय व्यवस्था आहे, यावर अवलंबून आहे.

पर्यटक करतात ती एकदाची, हात धरून नेलेली डुबकी असते. 'पाडी' या स्कूबा शिकवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या अशा अनुभव-डाइव्हला पोहण्याची परीक्षा नसते. वय किमान १० वर्षं आणि खोली जास्तीत जास्त १२ मीटर. मालवणला प्रत्यक्षात बहुतेकांना त्याहून बरंच वर, पाच ते आठ मीटरवर ठेवतात आणि पंधरा-वीस मिनिटांत बाहेर काढतात. परवाना देणारा पूर्ण कोर्स करायचा असेल तर मात्र पोहावं लागतं: सलग २०० मीटर, किंवा मास्क, फिन्स (पायात घालायचे पंख) आणि स्नॉर्कल (श्वासाची नळी) लावून ३०० मीटर, आणि शिवाय १० मिनिटं काहीही न धरता तरंगून दाखवायचं. हा फरक उगाच ठेवलेला नाही. पहिल्या प्रकारात तुमची जबाबदारी इन्स्ट्रक्टरवर असते, दुसऱ्यात तुमची तुमच्यावर.

पाण्याखाली हातपाय मारण्याचं काम जवळजवळ नसतंच. कमरेला वजनाचा पट्टा आणि अंगात हवा भरता-सोडता येणारं जॅकेट, म्हणजे बीसीडी, असतं. इन्स्ट्रक्टर मागून तुमच्या पाठीवरच्या हवेच्या सिलिंडरची मान धरून तुम्हाला हवं तिथे नेतो. तुमचं काम एकच: श्वास घेत राहणं. इथे पोहणाऱ्यांचीच एक सवय आड येते. पोहणारा माणूस पाण्यात डोकं घातलं की श्वास रोखतो, आणि स्कूबात श्वास रोखण्याइतकी वाईट गोष्ट दुसरी नाही.

कारण साधं आहे. दर १० मीटरला दाब एका वातावरणाइतका, म्हणजे समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाइतका वाढतो. पाच मीटरवर तो पृष्ठभागाच्या दीडपट असतो आणि रेग्युलेटर, म्हणजे तोंडात धरून श्वास घ्यायचं उपकरण, तुम्हाला त्याच दाबाची हवा देतो. तिथे छाती भरून हवा घेतली, घाबरून श्वास कोंडला आणि तसेच वर आलात, तर तीच हवा दीडपट जागा मागते. फुप्फुस तेवढं ताणलं जात नाही, ते फाटू शकतं. यासाठी फार खोल असायची गरज नाही. छाती पूर्ण भरलेली असेल तर दीड मीटरवरूनही इजा होऊ शकते. म्हणून 'आपण काय, उथळ पाण्यातच आहोत' हे वाक्य ज्याच्या तोंडी असेल त्याच्याबरोबर पाण्यात उतरू नये. प्रमाणाने पाहिलं तर दाबातला, म्हणून हवेच्या फुगण्यातलाही, सर्वात मोठा फरक वरच्या काही मीटरांतच पडतो.

न पोहणाऱ्याची खरी अडचण वेगळीच आहे. नाकाशी पाणी लागलं की तो दचकतो. मास्कमध्ये थोडं पाणी शिरतंच. केसांची बट रबराखाली अडकली, दाढी-मिशी असली किंवा हसू आलं तरी शिरतं. पोहणाऱ्याला नाकाशी पाण्याची सवय असते. इतरांचा हात लगेच मास्ककडे जातो, मास्क निघतो, नाकावाटे श्वास ओढला जातो आणि नाकातोंडात पाणी जातं. घाबरण्याची सुरुवात बहुतेक वेळा इथून होते, खोलीमुळे नाही.

याची तयारी घरी करता येते. साधी स्नॉर्कलची नळी घ्या, मास्क लावू नका. मोठ्या टबात किंवा बादलीत चेहरा बुडवा, नळीचं टोक बाहेर ठेवा आणि नाक उघडं असताना फक्त तोंडाने श्वास घ्या. शेजारी कोणीतरी उभं असू द्या. पहिल्यांदा दहा सेकंदांत डोकं वर येतं. तसंच करत राहून शांतपणे दोन मिनिटं जमली, तर समुद्रात निम्मं काम झालं. नाही जमली, तर पैसे भरण्याआधीच कळलेलं बरं. श्वासाची लय अशी ठेवा: चार आकडे मोजत आत, सहा मोजत बाहेर. भराभर उथळ श्वास घेतले तर कार्बन डायऑक्साइड नीट बाहेर पडत नाही, हवा पुरत नाही असं वाटतं, आणि माणूस आणखी भराभर श्वास घेऊ लागतो.

मास्कमधलं पाणी काढायचं तर चौकटीची वरची कड कपाळावर दाबा, मान किंचित वर करा आणि नाकाने सावकाश हवा सोडा. पाणी खालून निघून जातं. ठसका लागला तर तोंडातला माउथपीस काढू नका, हाताने दाबून धरा आणि त्यातच खोका, रेग्युलेटर त्यासाठी बनलेला आहे. तो सुटलाच तर ओठ मिटून न बसता बारीक 'आऽऽ' करत बुडबुडे सोडत राहा. इन्स्ट्रक्टरकडे दुसरा, बहुधा पिवळा, रेग्युलेटर असतो. मिशी असणाऱ्यांनी मास्कची कड जिथे टेकते तिथे मिशीला थोडं व्हॅसलीन लावावं.

कानांचं म्हणाल तर दडे बसायची वाट पाहायची नाही. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, पहिलं फुंकणं पाण्याच्या वरच, मग दर अर्ध्या मीटरला एकदा. दुखू लागल्यावर जोर लावणं ही नेहमीची चूक. तेव्हा अर्धा-एक मीटर वर यायचं, कान मोकळे करायचे, मग पुन्हा खाली. सर्दी असेल तर त्या दिवशी उतरू नका. नाक मोकळं करणारी गोळी घेऊन उतरणं त्याहून वाईट. तिचा असर खाली असतानाच संपला तर वर येताना हवा कानात अडकते आणि तेव्हा वर आल्याशिवाय इलाजही नसतो.

आता पोहणं जिथे खरंच उपयोगी पडतं त्या जागेकडे, म्हणजे पाण्याच्या वर. बोटीतून उतरणं, दोर धरून थांबणं, डुबकीनंतर शिडीपर्यंत पोचणं, आणि जाण्या-येण्याचा बोटीचा प्रवास. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा आटोपून परतणाऱ्या पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. डुबकी तोवर संपली होती. म्हणून पाण्याखालच्या उपकरणांइतकीच लाइफ जॅकेटची चौकशी करा. तुमच्या मापाचं आहे का, पट्टे लागतात का, बोटीत जितकी माणसं तितकी जॅकेटं आहेत का. डुबकीपुरतं ते काढायचं आणि परत आल्यावर लगेच घालायचं, उकडत असलं तरी.

पाण्यात उतरताना पाठीमागे कोलांटी मारायला लावत असतील तर सरळ नाही म्हणा, शिडीने उतरा. वर आल्यावर 'झालं एकदाचं' म्हणून माउथपीस आणि मास्क काढून टाकायची घाई असते. समुद्राची पहिली लाट तोंडावर येते ती तेव्हाच. शिडीचा दांडा हातात येईपर्यंत दोन्ही जागेवर ठेवा. बीसीडीत हवा भरायचं बटण कुठलं आणि वजनाचा पट्टा कसा सुटतो, हे उतरायच्या आधी हाताने करून पाहा. इन्स्ट्रक्टर धरून असला तरीही.

आणि तो धरून असलाच पाहिजे. न पोहणाऱ्यासाठी एका माणसाला एक इन्स्ट्रक्टर, यात तडजोड नको. दोघांना एकाने धरलं आणि एक बिथरला, तर दुसऱ्याला सोडावंच लागतं. व्हिडिओ काढणारा वेगळा असावा. एका हातात कॅमेरा आणि दुसऱ्या हातात तुम्ही, ही व्यवस्था फोटोसाठी चांगली आहे, तुमच्यासाठी नाही. (मासे जमवायला पाव टाकतात तोही प्रकार टाळावा, त्या पावासाठी मासे बोटं चावतात.)

सिलिंडरमध्ये नुसता ऑक्सिजन नसतो, दाबून भरलेली साधी हवा असते. ११ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाला सुमारे २,२०० लिटर हवा मावते. घाबरलेला नवखा माणूस सहा मीटरवर मिनिटाला चाळीस-पन्नास लिटर वापरत असला, तरी पाऊण तासाच्या आसपास निघतो. म्हणजे वीस मिनिटांत हवा संपण्याची भीती नको, मात्र सिलिंडर भरलेला हवा. एकच सिलिंडर पाठोपाठ दोघातिघांना लावत असतील तर उतरण्याआधी सिलिंडरच्या दाबाचा काटा दाखवा म्हणावं. ५० बारच्या खाली जाऊन डुबकी सुरू ठेवायची नसते.

खुणांमध्ये एक गडबड नेहमी होते. 'मस्त चाललंय' म्हणून माणूस अंगठा वर करतो आणि इन्स्ट्रक्टर त्याला वर घेऊन येतो, कारण पाण्यात त्या खुणेचा अर्थ 'वर चला' असाच आहे. ठीक आहे हे सांगायला अंगठा आणि तर्जनीचं कडं करायचं. काही बिनसलं तर पंजा आडवा धरून डुलवायचा आणि मग दुखत असेल तिथे बोट दाखवायचं.

दमा, फीट, हृदयविकार, पूर्वी फुप्फुसातून हवा गळलेली असणं, कानाची शस्त्रक्रिया, गरोदरपण, यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टर. या गोष्टी विचारणारा फॉर्म न देता थेट वेटसूट हातात देणारी जागा टाळावी. आदल्या रात्रीची दारू हेही न उतरायला पुरेसं कारण आहे. मे महिन्याच्या अखेरीस पावसाळ्यासाठी जलक्रीडा बंद होतात. त्याआधीच्या शेवटच्या दिवसांत वारा वाढलेला आणि पाणी गढूळ असतं, नवख्याने नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा.

परतीचंही बघून ठेवा. एका डुबकीनंतर किमान १२ तास आणि एकाहून जास्त डुबक्यांनंतर १८ तास विमान टाळावं, असा सर्वसाधारण नियम आहे, आणि तो ६०० मीटरच्या वर चढणाऱ्या रस्त्यालाही लागू धरतात. आंबोली सुमारे ७०० मीटरवर आहे. पाण्याखाली दाबामुळे शरीरात विरघळलेला नायट्रोजन उंचीवर बुडबुडे बनून त्रास देऊ शकतो, म्हणून हा नियम. सात मीटरवरच्या पंधरा मिनिटांत तो फारसा साठत नाही, त्यामुळे धोका लहानच. तरी सकाळी स्कूबा करून दुपारी आंबोलीमार्गे बेळगाव किंवा कोल्हापूर गाठायचा बेत असेल, तर मुक्काम एक रात्र वाढवा आणि घाट दुसऱ्या दिवशी चढा.