सकाळी पुस्तकं, संध्याकाळी मोडी

मी परांड्याची. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात इतिहासात एमए करतेय. सकाळी ‘कमवा व शिका’ या विद्यार्थ्यांना कामाचे पैसे देणाऱ्या योजनेचं काम असतं, माझ्या वाट्याला विभागाचं ग्रंथालय आलंय. परत आलेली पुस्तकं झटकायची, पाठीवरचा क्रमांक बघून जागेवर लावायची. काही जुन्या बखरींची पानं इतकी ठिसूळ झालीत की पुस्तक दोन्ही तळव्यांवर धरूनच उचलावं लागतं. हे काम मला मनापासून आवडतं. मेसचा बराचसा खर्च त्यातून निघतो, घरी पैसे मागायची वेळ कमी येते.

मग तास, मेस, थोडी झोप.

संध्याकाळ मात्र जयकर ग्रंथालयाची. (पहिले कुलगुरू बॅरिस्टर मु. रा. जयकर, त्यांचं नाव.) आजूबाजूला सगळे नेट-सेट नाहीतर एमपीएससीवाले, मी मोडी, म्हणजे मराठीची जुनी लिपी, गिरवत बसते. आधी पानभर आडव्या रेघा, मग त्यांना लटकणारी अक्षरं. शब्दांमध्ये जागा सोडलेलीच नसते, त्यामुळे कुठे तोडायचं हे अर्थावरूनच कळतं. काल एका पत्राचा अख्खा मायना न अडखळता वाचला! पेशवे दफ्तरातले कागद मला स्वतः वाचायचेत, छापील लिप्यंतरावर विसंबून नाही. म्हणून रोज एक पान, परीक्षा असली तरी.