टाच, घोडा आणि तपोवनातली रेघ

दिवाळीत बहीण आणि भाचा आले होते नाशिकला. भाचा तेरा वर्षांचा आणि सध्या त्याच्या डोक्यात ग्रीक देव घुसलेत, म्हणजे हर्क्युलिसनं बारा कामं कुठली केली, मेड्युसाचं मुंडकं शेवटी कुणाच्या ढालीवर बसलं, सगळं तोंडपाठ. (अथेनाच्या. मला आता झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन.) त्याला फिरवायचं म्हणून पंचवटीत नेलं. काळाराम झाला, सीतागुंफेत वाकून वाकून, डोकं आपटत आत जाऊन आलो, मग रिक्षानं तपोवन. तिथे लक्ष्मण शूर्पणखेचं नाक कापतोय असा मोठा पुतळा आहे. ह्या नाकावरूनच नाशिक बरं का, हे रिक्षावाल्या दादांनी सांगितलं, आणि पुढे एका ठिकाणी बोट दाखवून म्हणाले ही लक्ष्मणरेषा.

आता मला गप्प बसता येत नाही हा माझा जुना प्रॉब्लेम आहे. परत येताना मी म्हटलं, तसं बघितलं तर वाल्मीकींच्या रामायणात ही रेषा नाहीचे. तिथे सीता लक्ष्मणाला नाही नाही ते बोलते, तो चिडून, रडवेला होऊन रामाच्या मागे जातो, रावण संन्याशाच्या वेषात येतो आणि तिला उचलतो, रेघबिघ काही नाही. तुलसीदासांकडे आहे, पण तिथेही प्रत्यक्ष त्या प्रसंगात नाही, खूप पुढे लंकाकांडात मंदोदरी रावणाला टोमणा मारते की लक्ष्मणानं ओढलेली साधी रेघ तुम्हाला ओलांडता आली नाही, तेव्हा.

भाच्याला एवढंच पाहिजे होतं. "म्हणजे फेक आहे! मामा, ग्रीकांचं बघ, सगळं होमरनं नीट लिहून ठेवलंय."

नीट लिहून ठेवलंय म्हणे. मी रिक्षातच त्याला विचारलं, अकिलीस कसा मेला? टाचेत बाण लागून. त्याच्या आईनं, थेटिसनं, लहानपणी त्याला स्टिक्स नदीत बुडवला, टाचेला धरून, तेवढी टाच कोरडी राहिली वगैरे वगैरे. बरं, हे होमरच्या इलियडमध्ये, म्हणजे ट्रॉयच्या युद्धावरच्या त्याच्या महाकाव्यात, कुठे आहे ते दाखव.

नाहीये. चोवीस सर्गांमध्ये नाही. टाचेचं सोडा, अकिलीसचं मरणच नाही त्यात, तो लवकर मरणार हे सगळे म्हणत राहतात पण इलियड संपतं ते ट्रॉयच्या हेक्टरच्या अंत्यसंस्कारावर. आणि मजा म्हणजे होमरच्या अकिलीसला चक्क जखम होते. एकविसाव्या सर्गात ऍस्टेरोपियस नावाचा एक वीर आहे, दोन्ही हातांनी एकदम दोन भाले फेकणारा, त्यातला एक अकिलीसच्या उजव्या हाताला कोपराजवळ घासून जातो आणि रक्त येतं. मग कसलं वज्राचं शरीर! तो नदीत बुडवण्याचा प्रकार आपल्या हाताला लागतो तो स्टेशियस नावाच्या रोमन कवीकडे, इसवी सनाच्या पहिल्या शतकात. होमरनंतर सात-आठशे वर्षांनी.

हे कळल्यावर पोरगा जो गप्प झाला तो द्वारका चौक येईपर्यंत बोलला नाही. मला जरा वाईटच वाटलं, म्हणून समजूत काढायला म्हटलं की अरे आपल्या दुर्योधनाचं पण तसंच आहे. गांधारी डोळ्यांवरची पट्टी काढून त्याच्याकडे बघते, सगळं अंग वज्राचं होतं, पण तो लाजून कमरेला काहीतरी गुंडाळून आलेला असतो म्हणून मांडी कच्ची राहते, हे सगळ्यांना माहितीये, आणि व्यासांच्या महाभारतात ते नाही. तिथे काय आहे तर युद्ध संपल्यावर, स्त्रीपर्वात, युधिष्ठिर हात जोडून गांधारीसमोर येतो, पट्टीच्या खालच्या फटीतून तिला त्याच्या पायाची बोटं दिसतात आणि त्याची नखं काळी पडतात. बस एवढंच. शंभर मुलं गेलेली बाई आणि तिची नजर नुसती नखांवर पडते. मला तर तो वज्राचा मसाला ह्याच्यापुढे अगदी पाणचट वाटतो, पण लोकांना मांडीच आवडली, त्याला काय करणार.

घरी हा विषय निघाला आणि आई फराळाचं ताट ठेवता ठेवता थांबली. "रेषा नव्हती तर मग सीता पळवली कशी?" मी म्हटलं अगं आई, उलटं आहे, रेषा नव्हती म्हणून तर पळवता आली. ती म्हणाली, "रेषा नसेल तर तिची चूक काय मग?" आणि आत गेली.

ह्यावर मी बराच वेळ विचार करत होतो, चकली हातात धरून. कारण तेच आहे ना, रेघ आली की बाईनं ती ओलांडली असं म्हणता येतं. टाच आली की अकिलीसच्या मरणाला कारण मिळतं, नाहीतर एवढा मोठा वीर, त्याला बाण लागला आणि मेला, एवढ्यानं ऐकणाऱ्याचं समाधान होत नाही. माणसं विचारतात "पण का?" आणि मग कुणीतरी पुढच्या पिढीत उत्तर चिकटवतं. आणि ते चिकटवलेलंच पुढे लोकांच्या लक्षात राहतं.

मग काय, दोन दिवस आमचा तोच खेळ, अजून काय काय चिकटवलंय ते शोधायचा. ट्रॉयचा लाकडी घोडा इलियडमध्ये नाही, तो होमरच्याच ओडिसीत आठवणीतून येतो आणि अगदी साग्रसंगीत येतो व्हर्जिलकडे, म्हणजे पुन्हा रोमनच. पॅंडोराचा बॉक्स, तिनं उघडला आणि जगातली सगळी दुःखं बाहेर पडली तो, तर बॉक्सच नाही! हेसिअड ह्या जुन्या ग्रीक कवीनं लिहिलाय तो पिथॉस, म्हणजे धान्य, तेल, वाईन ठेवायचा माणसाएवढा मातीचा रांजण, आणि सोळाव्या शतकात इरॅस्मस नावाच्या डच पंडितानं लॅटिनमध्ये लिहिताना त्याची डबी करून टाकली. तेव्हापासून सगळ्या चित्रांत ती बाई छोटी पेटी घेऊन उभी. रांजण म्हटलं की कसं पटतं, घरातल्या रांजणाचं झाकण उघडं ठेवलं की काय होतं हे आमच्या आजीकडे वाढलेल्या कुणालाही सांगावं लागणार नाही.

रॉबिन हूडच्या जुन्या गाण्यांत मॅरियन नाही, ती नंतर मे महिन्याच्या जत्रेतल्या खेळांमधून त्याच्या गळ्यात पडली. आर्थर राजाची तीच गत, जेफ्री ऑफ मॉनमथनं ११३६ च्या आसपास त्याची कथा लिहिली त्यात त्याचा लाडका सरदार लान्सलॉट नाही, गोलमेजही नाही. मेज वेस नावाच्या कवीनं ११५५ मध्ये आणलं, आणि लान्सलॉट-राणीचं लफडं हे क्रेतियाँ द त्र्वा ह्या फ्रेंच कवीचं काम. भाच्याला लान्सलॉटचं फार लागलं. मला अजिबात नाही, मला तो कधीच आवडला नव्हता.

शेवटच्या दिवशी पांडवलेणी. पायऱ्या चढताना तो म्हणाला, इथे तरी पांडव होते का? मी नुसता हसलो. ही चोवीस बौद्ध लेणी, सातवाहन-क्षत्रपांच्या काळातली, डोंगराचं जुनं नाव त्रिरश्मी, पांडवांचा काडीचा संबंध नाही, नाव मात्र बसलं ते बसलं. पण मला त्याला सतरा नंबरचं लेणं दाखवायचं होतं. तिथे ब्राह्मीत कोरलंय की उत्तरेकडच्या दातामित्रीचा योनक, धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त, ह्यानं हे लेणं खोदवलं. योनक म्हणजे यवन, तेव्हा ग्रीकांना आपल्याकडे हाच शब्द. बापलेकांची नावं अगदी इथली, पण स्वतःची ओळख सांगताना त्याला योनक म्हणवून घ्यावंसं वाटलंच. लेखात त्याच्या मुलाचंही नाव आहे, धम्मरक्षित.

भाचा त्या अक्षरांसमोर मोबाईलचा टॉर्च धरून उभा, बराच वेळ. मग म्हणाला, "मामा, ह्यानं त्या धम्मरक्षितला रात्री कुठल्या गोष्टी सांगितल्या असतील? अकिलीसच्या का रामाच्या?"

मला काय माहीत. म्हटलं, चल, मिसळ संपेल.

घरी आल्यावर आईनं दारातच विचारलं, दिसले का पांडव. "नाही आजी, पण एक ग्रीक होता," हा म्हणाला. आई म्हणाली, "बरं. आधी पाय धू."