धंतोलीहून परतल्यावर

शनिवार, रात्र

नागपुरातल्या धंतोलीतल्या सर्जननं उभं केलं, जांघेत बोट ठेवलं आणि म्हणाले, "खोका." खोकलो. मग आडवं करून उजवीकडची ती लिंबाएवढी गाठ हलकेच दाबली, तर गुडगुडत आत गेली. हर्नियाच, म्हणजे पोटाच्या भिंतीतल्या कमकुवत जागेतून आतला भाग बाहेर डोकावतो तो. दुखत नाही, अडकत नाही, संध्याकाळी जरा जड वाटतं इतकंच.

मला वाटलं आता तारीख देतील. तर म्हणाले, "घाई नाही. ऑपरेशन करा किंवा लक्ष ठेवून थांबा, तुम्ही ठरवा." डॉक्टरनं असं आपल्यावर सोडलं की उलट धाकधूक वाढते.

घरात दोन पक्ष. ही म्हणते, "करून टाका एकदाचं." साळेबुवा फोनवर, "काहून चिरफाड करता भाऊजी, पट्टा बांधा." पट्ट्यानं हर्निया बरा होत नाही, नुसता दाबून धरला जातो. शिवाय नागपूरच्या ४५ डिग्रीत तो पट्टा साळेबुवांनी आधी स्वतः दिवसभर बांधून दाखवावा.

डॉक्टरांनी सांगितलेला २००६ चा अभ्यास रात्री वाचला. ७२० पुरुष, सगळे माझ्यासारखे फारसा त्रास नसलेले. साधारण निम्म्यांचं ऑपरेशन, बाकीचे थांबले. थांबलेल्यांत आतडं अचानक अडकण्याचं प्रमाण वर्षाला हजारी दोनपेक्षाही कमी. जीव भांड्यात पडला. पण थांबलेल्यांवर पुढं नजर ठेवली, तर दहा वर्षांत सुमारे ६८ टक्के ऑपरेशनकडे वळले, त्यातले निम्म्याहून जास्त दुखायला लागलं म्हणून. पासष्टीपुढच्यांत तर ७९ टक्के. म्हणजे मी थांबलो तरी बहुधा पुढंच ढकलतोय.

मग आत्ताच का नको? ऑपरेशनात त्या कमकुवत जागी आधाराला जाळी बसवतात, त्यानंतर काहींना जांघेत महिनोन् महिने दुखत राहतं. आज काही दुखत नसताना ते दुखणं विकत घ्यायला मन धजत नाही. दुसरीकडे, आज बीपी आटोक्यात आहे, सत्तरीत कसं असेल कोण जाणे. हा मुद्दा हिचा, आणि तो खोडता येत नाही.

तूर्त थांबतोय. दिवाळीनंतर पुन्हा दाखवायचं, आणि त्याआधी दुखायला लागलं तर वाद न घालता ऑपरेशन. हिला बजावून ठेवलंय : गाठ आत जाईना, कडक किंवा लाल झाली, जोरात दुखलं, उलट्या झाल्या, वारा सरेना, तर रात्रीचे दोन वाजले तरी थेट मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात. दाबून बसवायच्या भानगडीत पडायचं नाही. तिनं लगेच विचारलं, मग ताईंनी पण थांबावं का? नाही. बायकांना हा हिशेब लागू नाही. त्यांच्यात अडकणारा प्रकार जास्त आढळतो, त्यांनी लवकर दाखवावं.

पोटावर जोर पडू नये म्हणून बद्धकोष्ठता होऊ द्यायची नाही, खोकला अंगावर काढायचा नाही. आणि यंदा कूलरमध्ये बादल्यांनी पाणी भरणं बंद. गच्चीवरच्या टाकीपासून पाइप ओढून घ्यायचाय, उद्या प्लंबरला फोन. रविवारी तो उचलेल असं वाटत नाही.