तीन रकाने, चार रकाने

डिसेंबरात हॅम्बुर्गमध्ये दुपारी चारलाच अंधार पडतो, त्यामुळे पुण्याशी होणारी आमची बैठक सकाळी साडेनऊला असते. तेव्हा कर्वे रस्त्यावरच्या आमच्या कार्यालयात दुपारचे दोन वाजलेले असतात आणि सर्वांचे डबे नुकतेच झालेले असतात. आम्ही अकरा जण आहोत, सात पुण्यात आणि चार येथे. रुग्णाच्या औषधांची यादी लहान दवाखान्यांना नीट ठेवता यावी, एवढ्याच कामासाठी आम्ही सॉफ्टवेअर तयार करतो.

जर्मनीत २०२५ हे वर्ष या कामाच्या दृष्टीने फार मोठे होते. नकार न कळवलेल्या प्रत्येक सरकारी विमाधारकासाठी इलेक्ट्रॉनिक रुग्णनोंदवही उघडण्यास जानेवारीत सुरुवात झाली. हॅम्बुर्ग हे तिच्या चाचणीच्या प्रदेशांपैकी एक होते. एप्रिलच्या अखेरीस ती देशभर उपलब्ध झाली आणि १ ऑक्टोबरपासून डॉक्टरांना तीत नोंदी करणे बंधनकारक झाले. ई-प्रिस्क्रिप्शनवर लिहिलेली औषधे तीत आपोआप येतात. सुरक्षेविषयी येथील तज्ज्ञांनी आधीच गंभीर त्रुटी दाखवून दिल्या होत्या आणि त्या उघडपणे मांडल्या गेल्या, हे मला चांगलेच वाटते.

आमच्या वर्षातील सर्वांत महत्त्वाचा दिवस मात्र एका साध्या चुकीचा होता. आपल्याकडे डॉक्टर १-०-१ लिहितात, तेव्हा सकाळ, दुपार आणि रात्र असे तीन रकाने गृहीत असतात. जर्मनीतही असेच आकडे लिहितात, परंतु २०१६ पासून रुग्णांना मिळणाऱ्या छापील औषध-आराखड्यात सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि झोपताना असे चार रकाने आहेत. आमचा मूळ कोड पुण्यात लिहिलेला, त्यामुळे ०-०-१ मधला शेवटचा आकडा त्याने थेट ‘झोपताना’च्या रकान्यात टाकला. मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी पोटाला त्रास होऊ नये म्हणून जेवणाबरोबर घ्यायची असते आणि येथे संध्याकाळचे जेवण अनेक घरी सहा-सातलाच होते. म्हणजे ती गोळी जेवणानंतर तीन-चार तासांनी घेतली गेली असती. चाचणीसाठी आम्हाला मदत करणाऱ्या दवाखान्यातील सहायिकेने छापील कागदावर बोट ठेवून ही चूक दाखवली, म्हणून ती एकाही रुग्णापर्यंत पोहोचली नाही. त्या दिवशी आम्ही अकराही जणांनी दुसरे काम बाजूला ठेवले आणि कोडमध्ये वेळेविषयी आणखी काय काय गृहीत धरले आहे, ते ओळीओळीने शोधले.

दिवाळीत मी पुण्याला आले तेव्हा सदाशिव पेठेतील एका दवाखान्यात दोन सकाळी बसून राहिले. एक आजी प्लॅस्टिकच्या पिशवीतून पाच वर्षांचे केसपेपर आणि अर्ध्या वापरलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या काढून टेबलावर मांडत होत्या. कंपाउंडर पाकिटावर पेनाने उभ्याआडव्या रेघा मारून गोळ्यांच्या वेळा दाखवत होते. आपल्याकडे आयुष्मान भारत डिजिटल मिशन २०२१ पासून देशभर सुरू आहे आणि आभा या त्यातील आरोग्य-खात्याचा चौदा अंकी क्रमांकही अनेकांकडे आहे. परंतु त्या आजींच्या पिशवीतील माहिती त्या क्रमांकाशी जोडायला कोणाला तरी वेळ काढावा लागेल, आणि सकाळी चाळीस रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरांकडे तो वेळ नसतो, हे मला त्या खुर्चीवर बसल्यावरच कळले.

म्हणून २०२६ साठी आम्ही नव्या सुविधांची लांब यादी रद्द केली आहे. पुण्यातील लहान दवाखान्यांसाठी प्रत्येक औषधाच्या वेळा मराठीत, मोठ्या अक्षरांत छापून देणारा कागद आधी तयार होईल. त्यावर ‘जेवणाआधी’ की ‘जेवणानंतर’ हे शब्दांत लिहिलेले असेल. भारतात वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आहेत. त्यांतील मुख्य जबाबदाऱ्यांना दीड वर्षाची मुदत असली, तरी रुग्णाच्या संमतीची नोंद आम्ही पहिल्या दिवसापासून ठेवणार आहोत. जर्मनीत दर तिमाहीला दवाखान्यांचे सॉफ्टवेअर अद्ययावत होते, त्यामुळे १ जानेवारीच्या आवृत्तीसाठी नाताळच्या सुट्टीतही आमच्यापैकी दोघे जागे राहू. ती पोहोचली, की मी फेब्रुवारीत तोच छापील कागद घेऊन सदाशिव पेठेत जाणार आहे.