हॅनफर्डच्या शोषखड्ड्यावर पाऊस किती धरायचा?

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील हॅनफर्ड परिसरात १९४४ पासून अण्वस्त्रांसाठी प्लुटोनियम तयार होत असे. आज तेथे जमिनीखालच्या १७७ टाक्यांत २० कोटी लिटरहून अधिक किरणोत्सारी कचरा आहे आणि त्याखेरीज पुष्कळसे दूषित सांडपाणी त्या काळी सरळ मातीत मुरवलेले आहे. कामावर रुजू झाल्यावर अशाच एका जुन्या शोषखड्ड्याचे जोखीम-विश्लेषण माझ्याकडे आले. माती उकरून हलवायची की वर आच्छादन घालून जागीच ठेवायची, हे ठरवताना त्याचा आधार घेतला जाणार होता.

त्यासाठी मी अरगॉन नॅशनल लॅबोरेटरीने तयार केलेली ‘रेसरॅड’ ही संगणकप्रणाली वापरली. मातीतील किरणोत्सार धूळ, पाणी, भाजीपाला, दूध अशा वाटांनी माणसापर्यंत किती पोहोचेल, याचे वर्षागणिक गणित ती मांडते; मात्र जो रकाना आपण बदलत नाही, तेथे ती स्वतःचा ठरीव आकडा धरते. त्या मातीतील सीझियम आणि टेक्नेशियम या किरणोत्सारी मूलद्रव्यांचे आकडे मी तीनतीनदा तपासले, पावसाचा रकाना मात्र उघडलाच नाही. तेथे वर्षाला १ मीटर पाऊस धरलेला होता, तर हॅनफर्डला पडतो जेमतेम १७ सेंटीमीटर. पाणी भरपूर म्हटल्यावर टेक्नेशियम भराभर भूजलात उतरलेले दिसले आणि मी तसा अहवालही लिहिला. तपासणाऱ्या ज्येष्ठ सहकाऱ्याने समासात एवढेच लिहिले होते : ‘हा पाऊस कुठला?’ माणसारख्या दुष्काळी तालुक्यात वाढलेल्या माणसाने पावसाचा आकडा न पाहता पुढे जावे, याची मला खरोखर लाज वाटली.

दुरुस्ती केल्यावर आलेख बराच निवळला, पण खरा पेच तेथूनच सुरू झाला. पुढे त्या जागेवर शेतकरी राहील असे मानले, तर तो पिकाला पाणी देणारच, आणि आकाशातून न पडलेले पाणी पाटाने येऊन टेक्नेशियमला खाली ढकलणार. सीझियम-१३७ मातीला चिकटून राहते व ३० वर्षांत निम्मे होते. टेक्नेशियम-९९ पाण्याबरोबर वाहते आणि त्याचे अर्धायुष्य दोन लाख वर्षांहून अधिक आहे. शिवाय तेथील मूलनिवासी याकामा लोकांनी १८५५ च्या तहात मासेमारीचा आणि कंदमुळे गोळा करण्याचा हक्क राखून ठेवलेला असल्याने, केवळ शेतकऱ्याचा आहार धरून केलेले गणित त्यांना लागू पडत नाही. प्रणालीत कोणाला ‘राहायला’ ठेवायचे, याच एका प्रश्नावर आमच्या तीन बैठका झाल्या; संगणकाचे काम त्यामानाने काही मिनिटांचे होते.

शेवटी मी अनिश्चित आकड्यांसाठी एकेक किंमत न देता त्यांचे पल्ले दिले, गणित शेकडो वेळा फिरवले आणि कोणत्या रकान्यामुळे उत्तर सर्वाधिक हलते ते पाहिले. सिंचनाचा रकाना वरच्या क्रमांकावर होता. त्यामुळे अहवालात सिंचनासह आणि सिंचनाविना असे दोन आलेख शेजारी शेजारी छापले, आणि दुसऱ्याखाली स्पष्ट लिहिले की, ही जमीन कोणी भिजवणार नाही याची राखण चालू असेल तोवरच तो खरा आहे. पुढच्या बैठकीत पहिला प्रश्न आला तो याच ओळीवर : ही राखण किती वर्षे धरली आहे?