प्रागच्या चढावर ट्रॉलीबसचा दांडा तारेला का लागेना

ट्रॉलीबस म्हणजे छतावरच्या दोन दांड्यांनी रस्त्यावरच्या दोन तारांमधून वीज घेणारी बस. तिचं जाळं वाढवायचं म्हणजे रस्त्यावर तारा ओढत जायचं, असं बहुतेकांना वाटतं. प्रागमध्ये आता तसं राहिलेलं नाही. या शहरात 1936 साली ट्रॉलीबस सुरू झाली आणि 1972 च्या ऑक्टोबरमध्ये बंद पडली. मुंबईत गोवालिया टँक ते माझगाव डॉक अशी ट्रॉलीबस जून 1962 मध्ये सुरू झाली. तिच्या गाड्याही चेक बनावटीच्या, स्कोडाच्या होत्या. ती 1971 मध्ये थांबली, म्हणजे दोन्ही शहरांनी जवळपास एकाच सुमाराला तारा उतरवल्या. प्रागने त्या पुन्हा लावल्या ऑक्टोबर 2017 मध्ये, प्रोसेक्का रस्त्याच्या चढावर, बॅटरी असलेल्या गाडीची चाचणी घेण्यासाठी. तार मुख्यतः चढावर. चढताना गाडी तारेवरच्या विजेने चालते आणि त्याच वेळी बॅटरीही भरते. उरलेल्या मार्गावर दांडे खाली आणि गाडी बॅटरीवर.

त्यामुळे चौकाचौकातलं तारांचं जाळं वाचतं. दोन ट्रॉलीमार्ग एकमेकांना छेदतात तिथे एका मार्गाची धन तार दुसऱ्याच्या ऋण तारेला टेकून चालत नाही. मग इन्सुलेटर लावलेली क्रॉसिंगं, सांधे, ताण घेणाऱ्या आडव्या तारा, त्यांचे खांब हे सगळं आलं. शिवाय तेवढ्या तुकड्यावरून गाडी हळू आणि पॉवर बंद करून न्यावी लागते. हे टाळलं की खर्चाचा आणि दुरुस्तीचा मोठा भाग आपोआप जातो. पण त्या बदल्यात एक नवी नाजूक जागा तयार होते: दांडा पुन्हा तारेला लावायचा थांबा. तारांची देखभाल करणाऱ्या आमची एक रात्र अशाच एका थांब्यावर गेली.

जुन्या गाड्यांना मागे दोऱ्या असायच्या. दांडा निसटला की खाली उतरायचं, दोरी ओढायची आणि नेम धरून दांडा तारेवर बसवायचा. आता ठरलेल्या थांब्यावर तारेच्या वर पालथ्या पन्हळी टांगलेल्या असतात, प्रत्येक तारेला एक. ड्रायव्हरने फुटपाथच्या खुणेशी गाडी उभी करायची, ब्रेक लावायचा आणि बटण दाबायचं. दांडे अडकवून ठेवणारे आकडे सुटतात, दांडे छताच्या मध्यरेषेत वर येतात, टोकाचा कार्बनचा तुकडा पन्हळीच्या उतारावर टेकतो आणि उतारावरून घसरत तारेत जाऊन बसतो. व्होल्टेज आल्याचा दिवा लागला की निघायचं. दांडे खाली घेणं कुठेही जमतं, वर लावणं मात्र पन्हळीखालीच.

दोन तारांमधलं अंतर 60 ते 70 सेंटिमीटर. दोन पन्हळी शेजारी शेजारी, म्हणून एकीची रुंदी याहून जास्त करताच येत नाही. याचा अर्थ दांड्याला आपल्या तारेच्या डाव्या-उजव्या बाजूला जेमतेम 30 सेंटिमीटरची मुभा. पुढच्या सगळ्या हिशोबाचं मूळ या एका आकड्यात आहे.

तक्रार अशी होती: 12 मीटरची साधी गाडी त्या थांब्यावर प्रत्येक वेळी बरोबर लागत होती. 18 मीटरची जोडबस, म्हणजे मध्ये भात्याने सांधलेल्या दोन डब्यांची बस, मात्र कधी लागायची, कधी नाही. दांडे लागले नाहीत तर ड्रायव्हर ते उतरवून बॅटरीवरच चढ चढायचा. 25 टनांची गाडी 10 मीटर उंच न्यायची तर नुसत्या उंचीपायी सुमारे 0.7 युनिट जातात. मोटरमधली घट, टायरचं घर्षण आणि हिवाळ्यात डब्याचं गरम हवेचं यंत्र हे वेगळंच. जिथे बॅटरी भरायची, तिथेच ती रिकामी व्हायला लागली. शिवाय पुढे कुठेतरी थांबून भरून घेऊ म्हटलं तर उभ्या गाडीला तार फारसा करंट देऊ शकत नाही. कार्बन एकाच ठिकाणी टेकलेला असतो, तिथलं तांबं तापतं, मऊ पडतं आणि ताणाखाली बारीक होत जातं. चालत्या गाडीचा संपर्कबिंदू सतत पुढे सरकत असतो, म्हणून खरं चार्जिंग धावतानाच होतं.

शेवटची फेरी संपल्यावर आम्ही तारांपर्यंत पोचायला मनोऱ्याची गाडी लावली. आधी तो तुकडा उपकेंद्राकडून बंद करून घेतला, दोन्ही तारांवर टेस्टर लावून वीज नाही याची खात्री केली आणि मग दोन्ही तारा एकमेकींना जोडणारा शॉर्टिंग क्लॅम्प लावला. ट्रॉलीबसच्या कामात यात कुचराई चालत नाही, कारण ट्रामसारखा रूळ इथे नसतो आणि दोन्ही तारा जमिनीपासून वेगळ्या असतात. एक तार ‘परतीची’ आहे म्हणून निर्धास्त हात लावला की घात.

संशय घेण्याचा क्रम ठरलेला होता. कार्बन: नवा, खाच मध्यभागी, कडा शाबूत. दांड्याचा वर दाब: स्प्रिंगच्या काट्याने मोजला, दोन्ही दांड्यांना साधारण 11 किलो, ठीक. दांडे वाकलेत का: दोरी ताणून पाहिली, सरळ. मग पन्हळ तारेवरून सरकली का. तारेवरून ओळंबा सोडून रस्त्यावर खूण केली आणि फुटपाथच्या कडेपासून मोजलं. रस्ता कडेकडे सुमारे दोन टक्के उतरता असतो, त्यामुळे गाडी कडेकडे कलते आणि साडेपाच मीटर उंचीवर हा कल 11 सेंटिमीटर होतो. तार टांगताना तो धरला नाही तर साधी गाडीसुद्धा एक तृतीयांशाहून जास्त मुभा गमावते. इथे तो बरोबर धरलेला होता. वरच्या कामात खोट नव्हती.

उलगडा केला तो पन्हळीच्या आतल्या बाजूने. ती इन्सुलेटरच्या कडक प्लास्टिकची, आतून फिकट. कार्बन म्हणजे ग्रॅफाइटच, पेन्सिलीसारखा ओरखडा उमटवतो. टॉर्च लावून आम्ही दोन्ही पन्हळी आतून वाचल्या. उजव्या पन्हळीच्या डाव्या उतारावर काळ्या रेघांची दाटी, उजवा उतार जवळजवळ कोरा. आणि डाव्या पन्हळीच्या अगदी उजव्या ओठावर चार-पाच ताज्या रेघा, जिथे डाव्या दांड्याचं काहीच काम नाही. त्या उजव्या दांड्याच्या होत्या. दांडे वाटेल तसे भरकटत नव्हते. चुकत होते ते नेहमी डावीकडे, म्हणजे रस्त्याच्या मध्याकडे.

मग जोडबस बोलावली आणि ड्रायव्हरला रोजच्यासारखी थांब्यात घ्यायला सांगितली. वरून, मनोऱ्यावरून पाहिलं आणि सगळ्यांना एकदम दिसलं. पुढचा डबा फुटपाथला समांतर, समोरचं दार खुणेशी तंतोतंत. मागचा डबा मात्र भात्यापाशी किंचित मोडलेला, शेपटी रस्त्याकडे. दांडे असतात मागच्या डब्यावर. खूण पुढच्या दारासाठी.

कोन मोजला, पाच अंश. इतका कोन जमिनीवरून कुणाच्या नजरेत भरत नाही. पण सांध्यापासून दांड्याच्या टोकापर्यंत साडेसात मीटर आहेत. साडेसात मीटरवर पाच अंश म्हणजे 65 सेंटिमीटर. उजवा दांडा बरोबर डाव्या तारेखाली जातो आणि डावा मोकळ्या हवेत. नशीब की अशा वेळी सर्किट पुरंच होत नाही, दिवा लागत नाही आणि ड्रायव्हर दांडे उतरवतो. कोन अडीच अंशांच्या आसपास असला की उजवा दांडा दोन पन्हळींच्या मधल्या ओठावर आपटायचा, कधी इकडे कधी तिकडे. ‘कधी लागते, कधी नाही’ ते यामुळे.

कोन राहत होता थांब्याच्या आधी उभ्या असलेल्या मोटारींमुळे. ड्रायव्हरला त्यांना वळसा घालून उशिरा आत शिरावं लागायचं. मागचा डबा सरळ व्हायला अंतर लागतं: सांध्यापासून मागच्या आसापर्यंत जेवढी लांबी, इथे सहा-सात मीटर, तेवढं सरळ गेलं की उरलेला कोन साधारण एक तृतीयांशावर येतो. पाचाचे पावणेदोन अंश झाले तर टोकाचं अंतर 23-24 सेंटिमीटर, म्हणजे मुभेच्या आत. आणखी सात मीटर मिळाले की प्रश्नच नाही. ड्रायव्हरच्या हातात यातलं काही नव्हतं. मला हे मुद्दाम लिहायचं आहे, कारण अशा ठिकाणी पहिलं बोट नेहमी त्यांच्याकडेच जातं.

पन्हळ पुढे सरकवता आली असती, पण ती आडव्या तारांना टांगलेली, त्या तारा खांबांना. सात मीटर पुढे म्हणजे नवा खांब आणि नवा पाया. गाडीच पुढे उभी करावी म्हटलं तर पन्हळ दोन-अडीच मीटर लांब, तिच्या बाहेर दांडा गेला की संपलं. त्याऐवजी आम्ही थांब्याच्या आधीच्या दोन मोटारींच्या जागा, 11 मीटर, शंकू ठेवून अडवल्या. तारेतली वीज चालू करून घेतली. त्याच ड्रायव्हरने त्याच गाडीने फेऱ्या मारल्या. पहिल्या फेरीला दिवा लागला, दुसऱ्या, तिसऱ्या फेरीलाही. दहा वेळा बटण दाबलं, दहाही वेळा दांडे बसले. दोन फेऱ्यांत मुद्दाम गाडी कडेकडे झुकवून पाहिली, जशी प्रवाशांना चढायला सोपं जावं म्हणून झुकवतात. तरीही बसले.

नंतर त्या दोन जागांचे पट्टे पुसले गेले आणि फुटपाथची कड तेवढी रस्त्यात पुढे आणली, म्हणजे बसला आत शिरावंच लागत नाही. 2024 मध्ये विमानतळाच्या मार्गावर 24 मीटरहून लांब, दोन सांध्यांच्या ट्रॉलीबस आल्या. एका सांध्याला सरळ व्हायला एवढं अंतर लागतं, तर दोन सांध्यांना किती द्यायचं हे थांब्याच्या नकाशावरच ठरवावं लागतं. आमच्या तपासणीच्या कागदावर कार्बन, दाब आणि ओळंबा यांच्या वर आता एक ओळ आहे: थांब्याआधीची सरळ लांबी, मीटरमध्ये.